संध्याकाळच्या सुरकुत्या

तीन महिने, रोज संध्याकाळी सव्वापाचला, मी ऑफिसच्या तळघरातल्या बाथरूममध्ये जाऊन कडी लावायची, पिशवीतून कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, करडी पँट आणि काळा कोट काढून अंगावर चढवायची, आणि मग ते कपडे अगदी मन लावून चुरगळायची.

दिसतं तितकं सोपं नाही ते. नुसतं मुठीत धरून चोळलं तर सुरकुत्या वेड्यावाकड्या पडतात, बोळा केल्यासारख्या. मला हव्या असायच्या आठ तास टेबलाशी बसलेल्या बाईच्या सुरकुत्या. म्हणून मी बादली उपडी घालून तिच्यावर वीस मिनिटं बसायची, म्हणजे गुडघ्यांमागे आडव्या चुण्या पडायच्या. कोपरं बेसिनच्या काठावर टेकवायची. पाठ भिंतीला लावून हलवायची, खुर्चीला टेकल्यासारखी. आठवड्यातून दोनदा उजव्या कफाला शिक्क्याची शाई लावायची, पुसट, चुकून लागल्यागत. मग सगळं उतरवून पुन्हा सायकलचे कपडे घालायचे आणि घराकडे निघायचं. सगळं जग सुरकुत्या घालवायला धडपडत असतं. मी पाडायला धडपडत होते, आणि तेही एका इस्त्रीवाल्याला फसवायला.

तो इस्त्रीवाला म्हणजे माझे सासरे.

बाबा एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत अडतीस वर्षं इस्त्री करत होते. पाहुण्यांचे कोट, हे त्यांचं काम. सासूबाई गेल्या त्याच वर्षी ते निवृत्त झाले. आमचे हे जहाजावर, इंजिनखोलीत, वर्षातले आठ महिने पाण्यात. घरात उरलो बाबा आणि मी. बाबा खिडकीशी खुर्ची टाकून बसले ते बसलेच. चहा दिला तर प्यायचे, नाही दिला तर मागायचे नाहीत. रोज संध्याकाळी कुलूप उघडण्याआधी मी दाराला कान लावायची.

मग आमच्या बाजूची बस बंद झाली आणि मी ह्यांची जुनी सायकल बाहेर काढली. ऑफिस पाऊण तासावर, मध्ये एक दम काढणारा चढ. पहिल्या दिवशी ऑफिसचेच कपडे घालून गेले. पाठीला घामाचा नकाशा आणि उजव्या पायाला साखळीचं वंगण. दुसऱ्या दिवशी शहाणपणा केला, कपडे पिशवीत घालून नेले आणि तिथे बदलले, तर शर्ट गाईने चघळून परत दिल्यासारखा दिसत होता. माझी जागा अगदी दर्शनी, दारातून आत आलं की समोर मीच. दिवसभर मी खांदे आक्रसून बसले आणि घरी येऊन पिशवी आपटली.

खुर्चीतून आवाज आला, “आण इकडे. घडी कोणी घातली ही?”

“मीच.”

“ही घडी नाही, हा गुन्हा आहे.”

चार महिन्यांत मी ऐकलेलं त्यांचं ते सगळ्यात लांब वाक्य. बाबा उठले. टेबलावर चादर पसरली, इस्त्री तापत ठेवली आणि मला कामाला लावलं. कोट उलटा करायचा, एक खांदा दुसऱ्या खांद्यात घालायचा, म्हणजे अस्तर बाहेर राहतं आणि कापड आत सुरक्षित. पँट धारेवर धार जुळवून आडवी. शर्ट बटणं लावून पालथा. प्रत्येक थरात पातळ कागद. मधोमध टॉवेलची गुंडाळी, आणि सगळ्या बाह्या, सगळे पाय तिच्याभोवती वळवून आणायचे.

“कापड कोपऱ्यात मोडतं,” बाबा म्हणाले. “म्हणून त्याला कोपरा दाखवायचाच नाही. आणि तिथे गेल्यावर पाच मिनिटं टांगून ठेव. कपड्यांना श्वास घेऊ दे, तूही घे. घामावर शर्ट चढवायचा नाही.”

तिसऱ्या दिवशी लोक मला विचारायला लागले, गाडीने येता का? मी घरी येऊन सांगितलं तेव्हा बाबा नुसते “हं” म्हणाले, पण रात्री दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. त्या दिवसापासून सकाळी सहाला इस्त्रीचा दिवा लागायचा आणि चाळीस मिनिटं घरात कोणी मोठ्याने बोलायचं नाही. म्हणजे मीच बोलायचं नाही, दुसरं कोण होतं?

संध्याकाळी ते कपडे वाचायचे. हो, वाचायचेच. पिशवीतून शर्ट काढून उजेडाकडे धरायचे आणि म्हणायचे, “आज फोन फार आले. डाव्या कोपराची पार वाट लागलीय.” किंवा, “दुपारी कंटाळलीस. पाय दुमडून बसली होतीस.” आधी मला गंमत वाटायची. लग्नाला आठ वर्षं झाली तरी नवऱ्याला जे कळलं नाही, ते सासऱ्यांना एका कफावरून कळायचं. नंतर नंतर मात्र मी खुर्चीत बसतानाही विचार करायला लागले, की हे बाबांना दिसेल. कपडे माझे, दिवस माझा, आणि तो उलगडून बघणार दुसरंच कोणी. पण माणूस जगायला लागला होता. मी कुठल्या तोंडाने तक्रार करणार?

घात केला पंक्चरने. चढावरच चाक बसलं, अर्धा रस्ता सायकल ढकलली आणि वीस मिनिटं उशिरा, घामाने निथळत, मागच्या दाराऐवजी पुढच्याच दाराने आत घुसले. सोफ्यावर तीन पाहुणे आणि त्यांच्याशी बोलत नव्या व्यवस्थापक बाई. त्यांना आम्ही काचबाई म्हणायचो, कारण आल्या आल्या त्या प्रत्येक काचेवर बोटांचे ठसे शोधायच्या. त्यांनी माझ्याकडे ठसा सापडल्यासारखं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी बोलावणं आलं. “पुढच्या टेबलावर कंपनीचा चेहरा बसतो,” त्या म्हणाल्या. “चेहऱ्याला असा घाम येऊन चालत नाही.”

आमची कंपनी इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करते. मला मात्र खाली जायला जिनाच दाखवला. तळघरात रेकॉर्ड रूम. शहरातल्या प्रत्येक लिफ्टचे नकाशे, दुरुस्तीचे कागद, दोरीने बांधलेले गठ्ठे आणि त्यांच्यावर बोटभर धूळ. सोबतीला एकटे हळूकाका. माणूस भला, पण एक गठ्ठा सोडायला बसला की दुसऱ्याने जेवून यावं. तिथे पांढरा शर्ट घालणं म्हणजे निव्वळ वेडेपणा. मी सायकलच्याच कपड्यांत काम करायला लागले. पिशवी खिळ्याला टांगलेली, तशीच बंद.

त्याच संध्याकाळी बाबांना सांगणार होते. आई शप्पथ, सांगणार होते. दार उघडलं तर ते इस्त्रीच्या टेबलाला नवं कापड ताणून बसवत होते. मान वर न करता म्हणाले, “काय, आज कोणी काही म्हणालं का कोटाला?”

त्यांचा आवाज इतका आतुर होता की खरं सांगायला माझी जीभच वळेना. “दोघांनी विचारलं,” मी म्हटलं.

झालं. तिथे मी अडकले.

सांगून टाकलं असतं तर त्यांनी एकच अर्थ काढला असता, की आपली घडी कमी पडली. मग पुन्हा ती खुर्ची, ती खिडकी. रविवारी जहाजावरून ह्यांचा फोन आला तेव्हा मी रडकुंडीला येऊन सगळं सांगितलं. हे म्हणाले, “अगं, सांगून टाक ना सरळ.” जहाजावरून सगळंच सरळ दिसतं.

तेव्हापासून सकाळी चाळीस मिनिटं बाबांनी घड्या घालायच्या आणि संध्याकाळी वीस मिनिटं मी त्या मोडायच्या. बादलीवर बसून समोरच्या फरशा मोजायची. एकशे बारा होत्या. हळूकाकांना वाटलं माझं पोट कायमचं बिघडलंय. एकदा त्यांनी हळूच, म्हणजे नेहमीसारखंच, दार वाजवलं आणि म्हणाले, “बाई, मी तुमच्यासाठी औषधाची बाटली आणलीय. रोज याच वेळेला होतं, म्हणजे आतड्याचं असणार.” मी आतून आभार मानले. हसू येत होतं आणि रडूही. वर काचबाई, खाली धूळ, घरी बाबांचा उजेडाकडे धरलेला शर्ट. मोकळी फक्त त्या पाऊण तासात, सायकलवर. आणि तिथेही पाठीवर ती पिशवी.

मंगळवारी काचबाईंनी वर बोलावलं. पुढच्या टेबलावरची मुलगी नोकरी सोडून गेली होती.

“गुरुवारी मुख्य कार्यालयातले लोक येताहेत. दहा वाजता तुम्ही पुढे बसा,” त्या म्हणाल्या. “सगळं नीट पार पडलं तर जागा तुमची. पण कपडे, केस, चेहरा, सगळं जागच्या जागी हवं. हे एकदाच, बरं का.”

मी जिना उतरले तो दोन दोन पायऱ्या. जागा परत मिळाली की माझं खोटं आपोआप खरं होणार होतं. बादली सुटणार होती. बाबांना कधी काही कळायची गरजच उरणार नव्हती.

बुधवारी संध्याकाळी मी बाबांना म्हटलं, “उद्या जरा खास आहे. वरून लोक येणार आहेत. कोट नीट बघा हं.”

तीन महिन्यांत मी त्यांना सांगितलेली ती पहिली खरी गोष्ट. बाबा माझ्याकडे बघत राहिले, जरा जास्तच वेळ.

“वरून लोक येणार,” ते म्हणाले. “बरं. बघतो.”

सकाळी इस्त्रीचा दिवा नेहमीपेक्षा लवकर लागला. निघताना बाबांनी पिशवी स्वतः माझ्या पाठीवर चढवली, पट्टे सारखे केले आणि खांद्यावर थोपटलं. एरवी ते असं काही करत नाहीत. मला वाटलं, माझ्याइतकीच त्यांनाही आजची काळजी लागलीय. चढ मी एका दमात चढले.

साडेनऊला बाथरूममध्ये शिरले. तोंड धुतलं, मान पुसली, केस बांधले, पाच मिनिटं श्वास घेतला. मग पिशवी उघडली.

आत कोट नव्हता. शर्ट नव्हता, पँट नव्हती. पातळ कागदाच्या थरात गुंडाळलेला एक निळा एप्रन होता, गुडघ्यापर्यंतचा, लांब बाह्यांचा, लॅबमध्ये घालतात तसला. जुनं जाड सुती कापड, धुऊन धुऊन मऊ झालेलं, पण इस्त्री अशी की बाहीच्या धारेने बोट कापावं. मोठे खिसे. एका खिशात नाकातोंडाला बांधायचा घरी शिवलेला रुमाल, धुळीसाठी. छातीवर डावीकडे एक कापडी पट्टी उसवल्याच्या भोकांची चौकोनी रांग. बाबांचा हॉटेलातला एप्रन मी दोरीवर कित्येकदा पाहिला होता. तोच कापून, आत घेऊन, माझ्या मापाचा केला होता.

मी पिशवी उलटी करून झटकली. झटकून काय पडणार होतं? घरी जाऊन यायचं तर दीड तास. ऑफिसात कपड्यांचा दुसरा जोड ठेवायला बाबांनीच बंदी केलेली, कपाटात कापड शिळं होतं म्हणे. अंगावर घामाने भिजलेला, धुऊन विटलेला टीशर्ट. तो एप्रन मी पुन्हा उलटसुलट करून पाहिला. त्यांना कळलं होतं. केव्हापासून, कसं, देव जाणे. आणि नेमका आजचाच दिवस त्यांना सापडला.

दहाला पाच कमी असताना मी तो एप्रन चढवला आणि वर गेले. म्हटलं, टेबल उंच आहे, बसल्यावर कितीसं दिसणार?

काचबाईंनी मला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग जवळ येऊन दोन बोटांत माझी कॉलर धरली.

“हे काय?”

“घरी जरा गडबड झाली. मी आत्ता…”

“इस्त्री मात्र सुंदर आहे,” त्या म्हणाल्या. चेष्टा नव्हती ती, अगदी मनापासून म्हणाल्या. तेच जास्त लागलं. “खाली जा. आणि या जागेचं आता मला पुन्हा विचारू नका.”

हिशेब विभागातल्या एका मुलीला बोलावून पुढे बसवलं. मी मागच्या जिन्याने उतरले तेव्हा दारातून ते लोक आत येत होते, आणि ती उठून हसत होती. मी एप्रनची कड मुठीत घट्ट धरली होती ते मला पार खाली पोचल्यावर कळलं.

हळूकाकांनी मला पाहिलं आणि हातातला गठ्ठा ठेवून दिला. “वा,” ते म्हणाले. “आता कसं इथलं माणूस वाटता.”

घरी येताना पूर्ण पाऊण तास मी बाबांना बोलायचं ते मनात जुळवत होते. कोणी सांगितलं होतं तुम्हाला? माझ्या पिशवीत हात घालण्याआधी एक शब्द विचारता आला नाही? माझी जागा गेली तुमच्यामुळे, ऐकू येतंय का, तुमच्यामुळे! उतारावर ब्रेकसुद्धा धरला नाही. वारा डोळ्यांत जात होता म्हणून बरं.

बाबा दारातच उभे होते. टेबलावर दोन कप चहा, झाकून ठेवलेला. मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, “बस पोरी. आधी माझं ऐक.”

मी बसले नाही, पण ऐकलं.

“पहिल्या आठवड्यातच कळलं मला,” ते म्हणाले. “दिवसभर अंगावर असलेला कपडा अंगाचा होतो. तुझा शर्ट माझ्याच घडीत परत यायचा, वर चार सुरकुत्या पाडलेल्या. आणि पँटवर मागे गोल उठायचा. खुर्चीला गोल कड नसते, पोरी. बादलीला असते.”

मी भिंतीकडे बघत होते.

“सायकलच्या कपड्यांच्या शिवणींत कागदाची धूळ. म्हटलं, हिला खाली कुठेतरी टाकलंय, आणि ही मला सांगत नाही. का सांगत नाही तेही कळलं. मी आपला वाट बघत राहिलो, आज सांगेल, उद्या सांगेल. काल तू ते वरच्या लोकांचं सांगितलंस, तेव्हा मला बघवेना. केवढं खोटं रचायला लागतंय हिला, म्हटलं, माझ्यापायी.”

त्यांनी कपावरची बशी काढली, पुन्हा ठेवली.

“त्या एप्रनचं तुला सांगायचंय. कोटवाले एप्रन घालत नव्हते, त्यांना जाकीट असायचं. एप्रन चादरीवाल्यांचा. मी एका पाहुण्याचा कोट जाळला होता. मग मला चादरींवर टाकलं. शेवटची अकरा वर्षं मी चादरी आणि उशांचे अभ्रे केले. तुझ्या सासूला सांगितलं नाही. रोज घरी येऊन तिला नवनवे कोट सांगायचो, असं अस्तर, तशी बटणं. एप्रन दिसला तर म्हणायचो, जाकिटावरून घालतो. ती गेली तेव्हाही ती कोटवाल्याचीच बायको होती.” त्यांनी टेबलावरच्या कापडाची चुणी तळहाताने सपाट केली. “अकरा वर्षं, पोरी. घरात पाय टाकण्याआधी रोज एक नवा कोट रचायचा. तुझ्यावर ती पाळी यायला नको. घडी घालायला मला कोटच लागतो असं नाही. एप्रनही चालतो.”

माझं सगळं जुळवलेलं भाषण तयार होतं. एक वाक्य जरी बाहेर पडलं असतं तरी पुरे होतं. आज लोक खरंच आले होते, बाबा. जागा परत मिळत होती. एवढंच. आणि या माणसाने आयुष्यात दुसऱ्यांदा एक कोट जाळला असता.

बाबांनी चहाचा कप माझ्या हातात दिला. कित्येक महिन्यांत ते इतके हलके दिसले नव्हते. मिस्किल हसले.

“काय मग? आले का तुझे ते वरचे लोक?”

“कुठले लोक बाबा,” मी म्हटलं. “उगाच सांगितलं होतं.”

“माहीत होतं मला.” ते खुशीत उठले. “काढ तो एप्रन. बघू दे कसा वागला.”

मी पिशवीतून काढून दिला. त्यांनी तो उजेडाकडे धरला, बाह्या बघितल्या, पाठ बघितली, मान डोलावली. मग पुढच्या कडेपाशी थांबले आणि तिच्यावरून अंगठा फिरवला.

“इथे काय झालं? मुठीत धरलेलं दिसतंय. चांगलंच घट्ट.”

“गठ्ठा उचलताना धरलं असेल.”

“असेल,” बाबा म्हणाले. त्यांनी कड टेबलावर पसरली, पाण्याचा हात फिरवला आणि इस्त्री टेकवली. थोडी वाफ निघाली आणि सुरकुती गेली. “आता एक कर. यापुढे माझ्याशी खोटं बोलायचं नाही. उद्यापासून मोकळ्या मनाने जायचं.”

“हो बाबा,” मी म्हटलं, आणि चहा प्यायले.